रोजच्या वापराला आणि प्रवासाला मिळून एकच सॅक घ्यायची आहे. काय बघून घ्यावी?

रोज लॅपटॉप न्यायचा, महिन्यातून एकदा तीन-चार दिवस बाहेर जायचं आणि दोन्हीला एकच सॅक हवी. आधीच्या दोन सॅकपैकी एकीचा पट्टा उसवला, दुसरीची चेन लागेनाशी झाली, आणि दोन्हींनी खांदे भरून यायचे, असं तुम्ही लिहिलंय. एकच सॅक दोन्ही कामं नक्की करू शकते. फक्त एक लक्षात घ्या: दुकानात आपण कापड आणि खिसे बघतो, पण सॅक टोचते ती मापामुळे आणि तुटते ती जोडांवर. म्हणून आधी माप.

माप म्हणजे तुमची उंची नव्हे, पाठीची लांबी. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो सगळ्यात मोठा मणका हाताला लागतो, तिथे टेपचं टोक धरायला कुणाला तरी सांगा. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे आणि बोटं पुढे. तळव्याच्या कडेखाली हाडाची धार लागेल. दोन अंगठे जोडणारी सरळ रेषा मणक्याला जिथे मिळते, तिथपर्यंतचं अंतर हे तुमचं माप. बहुतेक प्रौढांचं ते ४० ते ५३ सेंमीच्या आत येतं, आणि उंच माणसाची पाठ लांबच असते असं अजिबात नाही. कुणाचे पाय लांब असतात, कुणाची पाठ.

हे माप खरं उपयोगी पडतं ते कमरपट्ट्यासाठी. कमरपट्ट्याचा मधला भाग त्या हाडाच्या धारेवर बसायला हवा. सॅक पाठीपेक्षा लांब असेल तर तो घसरून कुल्ल्यांवर जातो, आखूड असेल तर पोटावर येतो. दोन्ही वेळा वजन फिरून खांद्यांवरच येतं आणि माणूस पट्टे आवळत बसतो. मोठ्या सॅक वेगवेगळ्या पाठमापात मिळतात किंवा त्यांचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. छोट्या सॅक मात्र बहुधा एकाच मापात येतात. तिथे एवढंच बघा की सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबत नाही आणि पट्टे मानेच्या मुळाला घासत नाहीत. खांदे अरुंद असतील तर दोन पट्ट्यांमधलं वरचं अंतर कमी असलेली सॅक शोधा. हे अंतर मागून बदलता येत नाही.

आता लिटर. लॅपटॉप, चार्जर, बाटली, छत्री आणि एखादा स्वेटर एवढ्यासाठी १८ ते २२ लिटर पुरतात. तीन-चार दिवसांचे कपडे नीट गुंडाळले तर २८-३० लिटरमध्ये बसतात. तुमच्यासाठी मी २६ ते ३० लिटरच्या मध्ये थांबेन, आणि तीसुद्धा दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे असलेली. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ४० लिटरची घेऊ नका. अर्ध्या रिकाम्या सॅकमध्ये सामान तळाशी आणि पाठीपासून लांब जातं, आणि तेच पाच किलो मागे खेचायला लागतात. बाजूचे पट्टे आवळले की सामान पाठीलगत येतं. म्हणून ते शोभेचे नकोत, सॅकच्या पूर्ण जाडीवरून जाणारे हवेत.

सॅकवर लिहिलेल्या लिटरवर डोळे झाकून विसंबू नका. सॅकची क्षमता मोजायची एक प्रमाण पद्धत आहे, एएसटीएम एफ २१५३. तिच्यात कप्प्यांमध्ये २० मिमीचे प्लास्टिकचे गोळे भरून आकारमान काढतात. पण सगळे उत्पादक ती पाळत नाहीत, आणि काही जण बाहेरचे जाळीचे खिसेही हिशेबात धरतात. त्यामुळे एकाची २८ लिटरची सॅक दुसऱ्याच्या २५ इतकीच भरते. विमानाने जाणार असाल तर लांबी-रुंदी-जाडी सेंमीत बघा. ५५ × ३५ × २१ सेंमी म्हणजे जवळपास ४० लिटर, आणि केबिनमधल्या सामानाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी याच्याच आसपास असते. वजनाची मर्यादा कित्येकदा ७ किलो असते. रिकामी सॅकच १.८ किलोची असेल तर चौथा हिस्सा तिथेच गेला. ३० लिटरपर्यंतची सॅक रिकामी १.२ किलोच्या आत असावी.

माप बरोबर असूनही खांदे भरून येत असतील तर कारण बहुतेक वेळा पट्ट्यातला फोम असतो. पट्टा अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. दोन्ही बोटं एकमेकांना जाणवली तर तो फोम काही महिन्यांत चपटा होणार आणि पट्ट्याची कड मांसात रुतणार. दुकानात हाताला खूप मऊ लागणारा पट्टा म्हणूनच मला नको वाटतो. थोडा घट्ट, दाबून सोडल्यावर लगेच वर येणारा, १० मिमीच्या आसपास जाडीचा आणि ६-७ सेंमी रुंद पट्टा बरा. ६-७ किलोपर्यंत कमरपट्टा नसला तरी चालतं. ८ किलोच्या पुढे तो लागतोच, आणि फोम असलेला लागतो. नुसत्या पातळ पट्टीचा कमरपट्टा चालताना सॅक हलू देत नाही एवढंच, वजन काही उचलत नाही. काढून ठेवता येणारा फोमचा कमरपट्टा मिळाला तर तुमचं दोन्हीकडचं काम होईल: रोज घरी ठेवायचा, प्रवासाला लावायचा.

सॅक घालायचाही क्रम असतो. सगळे पट्टे सैल करा, सॅक पाठीवर घ्या, खांदे किंचित उचला आणि कमरपट्टा हाडावर आवळा. मग खांद्याचे पट्टे एवढेच ओढा की ते अंगाला लागतील, दाबणार नाहीत. छातीची पट्टी कॉलरबोनच्या दोन-तीन बोटं खाली लावा. श्वास अडेल इतकी ती घट्ट नको. मोठ्या सॅकला खांद्यावरून वर जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या साधारण ३० ते ४५ अंशात तिरप्या वर जाव्यात. त्या आडव्या किंवा खाली उतरत्या दिसल्या तर ती सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. आपला लॅपटॉप आणि सामान घेऊन जा, नाहीतर तिथलंच काहीतरी भरून ६-७ किलो करा आणि १५-२० मिनिटं घालून फिरा. जिना चढा, वाका, हात वर करा. सॅक गच्च भरलेली असतानाच बाजूच्या खिशात बाटली घालून बघा. कित्येक सॅकमध्ये हा खिसा आतल्या जागेतूनच काढलेला असतो, त्यामुळे सॅक भरली की त्यात बाटली जात नाही. लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत हवा आणि त्याचा तळ सॅकच्या तळापासून निदान २-३ सेंमी वर हवा. कप्प्यात हात घालून तळ दाबा. लगेच टणक लागलं तर सॅक जमिनीवर टेकवताना प्रत्येक धक्का थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसणार.

आता टिकाऊपणा. कापडाच्या पट्टीवर ‘६०० डेनियर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. म्हणजे तो आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती नाही. ४२० किंवा ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन घासण्याच्या बाबतीत ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरला सहज मागे टाकतं. पॉलिएस्टर उन्हाला जास्त दाद देत नाही आणि पाणी कमी पितं, हे त्याच्या बाजूने. तुमच्या वापराला अंगाचं कापड ४२० डेनियर नायलॉन आणि तळाचं त्याहून जाड, एवढं खूप झालं. १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन, म्हणजे खूप जाड धाग्याचं घट्ट विणलेलं कापड, टिकतं भरपूर, पण जड असतं आणि शर्टाची कड घासून काढतं.

तुमचा पट्टा उसवला तो कापड फाटून नव्हे, शिवण सुटून. पट्ट्याचं मूळ जवळून बघायला शिका. वरच्या टोकाला पट्टा पाठीच्या शिवणीत नुसता खोचून एकाच सरळ टाक्याने शिवला असेल तर भार त्या एका ओळीवर येतो. पहिला टाका कडेचा तुटतो, मग पुढचा, आणि एक दिवस सॅक हिसका देऊन उचलताना सगळी ओळ सुटते. मजबूत कामात पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत दोन-तीन सेंमी जातं आणि त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण असते, किंवा अगदी दाट, जाड आडव्या टाक्यांच्या पट्ट्या असतात. खालच्या टोकाची पट्टी थेट कडेच्या शिवणीत घातलेली नको. कापडाच्या त्रिकोणी तुकड्यावर शिवून तो तुकडा शिवणीत घेतलेला असावा. मग सॅक उलटी करा. आतल्या शिवणींच्या कडा पट्टी लावून बांधलेल्या आहेत का बघा. उघड्या कडांचे धागे निघत जातात आणि शिवणीला धरायला कापडच उरत नाही.

चेनच्या रनरची पाठ बघा. तिथे ५, ८ किंवा १० आकडा सापडेल. बंद चेनच्या दातांची मिमीमधली रुंदी साधारण तेवढी असते. मुख्य कप्प्याला ८ किंवा १०, बाहेरच्या खिशांना ५ ठीक. तीन बाजूंनी सूटकेससारखी उघडणारी सॅक प्रवासाला फार सोयीची, पण तिला ५ नंबरची चेन असेल तर घेऊ नका. गच्च भरून कोपऱ्यावरून ओढताना सगळा ताण त्या बारीक दातांवर आणि रनरवर येतो. रनरवर वायकेके या चेन बनवणाऱ्या कंपनीचं नाव असणं चांगलंच, पण कोपरा गोल आहे ना आणि अस्तराची कड रनरमध्ये अडकत नाही ना, हेही बघा.

पावसाचं थोडक्यात. ‘वॉटर रेझिस्टंट’ कापडातून पाणी आलं नाही तरी सुईच्या भोकांतून आणि चेनमधून येतं. वरून घालायचं कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, पाठीवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. आत एक जाड प्लास्टिकची किंवा रबरी कापडाची पिशवी घालून तिच्यात सामान भरणं जास्त भरवशाचं.

सगळ्यात फसवणारी गोष्ट आतल्या थरात असते. बहुतेक सॅकना आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पाणी अडवणारा लेप असतो. दमट, उष्ण हवेत तो हळूहळू विघटित होतो: आधी चिकट लागतो, आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. न वापरता कपाटात कोंबून ठेवलेल्या सॅकचंही हे होतं, म्हणून मोठ्या सवलतीतला जुना माल घेताना आत हात फिरवा आणि वास घ्या. वॉशिंग मशीनमध्ये सॅक घालू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगून वाळवणं. ठेवताना रिकामी आणि पूर्ण कोरडी.

तुमच्या जुन्या दोन्ही सॅक टाकून देऊ नका. चेन लागत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा दात खराब झाले असा नसतो, रनरचे जबडे झिजून उघडलेले असतात. रनर चेन पूर्ण उघडलेल्या टोकाला आणा आणि त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा बारीक पक्कडीने आळीपाळीने, अगदी हलक्या दाबा. प्रत्येक दाबानंतर चेन लावून बघा. जास्त दाबलं तर रनर अडकतो किंवा तडकतो. याने काही दिवस भागतं, मग त्याच नंबरचा आणि त्याच प्रकारच्या चेनचा नवा रनर घालून घ्या. पूर्ण चेन बदलावी लागत नाही. उसवलेल्या पट्ट्याला मात्र जुन्याच भोकांतून टाके मारून घेऊ नका, तिथलं कापड कमकुवत झालेलं असतं. पाठीची शिवण चार-पाच सेंमी उघडून, आतून जाड निवार पट्टीचा तुकडा लावून, पट्टा त्याच्यासकट जाड नायलॉन दोऱ्याने चौकोन-फुली शिवून द्या असं चप्पल-बॅगा शिवणाऱ्याला नेमकं सांगा.