धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बेडमध्ये, म्हणजे काड भरलेल्या पिशवीत, कोंडा घालताय? आधी हे वाचा

पहिल्या दोन-तीन खेपा नुसत्या काडावरच घ्या. हात बसला की मग गव्हाचा कोंडा घाला, तोही वाळलेल्या काडाच्या वजनाच्या 5 टक्क्यांपर्यंतच. सरकी पेंडीत नत्र बरंच जास्त, म्हणून ती आणखी कमी. नत्र वाढलं की बेड आतून तापतो आणि हिरव्या बुरशीचं फावतं. माझे सुरुवातीचे बेड असेच गेले: अळिंबीच्या तंतूंच्या पांढऱ्या जाळ्यात आधी कोंड्याच्या गुठळ्याच हिरव्या पडल्या, आंबूस वास सुटला. कोंडा कोरडा, ताजा, किडीचं जाळं न लागलेला घ्या. तो काडाबरोबरच नीट वाफवून घ्या. वरून कच्चा मुळीच भुरभुरू नका. आणि काही बेड बिनकोंड्याचे ठेवाच, फरक तुमच्याच डोळ्यांना दिसेल.