स्कर्मिऑन जाळीचं गणित करायला बसताय? आधी हे पाहा

स्कर्मिऑन म्हणजे क्वांटम हॉल अवस्थेत (प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या पातळ इलेक्ट्रॉन-थरात) स्पिनची दिशा हळूहळू फिरत जाणारा भोवरा. कोड लिहिण्याआधी झीमन (चुंबकीय क्षेत्रात एक स्पिन उलटवायला लागणारी) आणि कूलॉम (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या विद्युत प्रतिकर्षणाची) ऊर्जेचं गुणोत्तर काढा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये, १० टेस्लाला झीमन ऊर्जा (तापमानाच्या एककात) सुमारे ३ केल्विन, कूलॉम १६० केल्विन, म्हणजे गुणोत्तर ०.०१९ च्या आसपास. शून्य जाडीच्या आदर्श थरात ते ०.०५४ च्या वर गेलं की स्कर्मिऑन उरत नाही, एकच स्पिन उलटते. खऱ्या थराला जाडी असते, त्यामुळे ही मर्यादा आणखी खाली येते. हे हमखास विसरलं जातं.

आता नेहमीची चूक. भरण (एका चुंबकीय ऊर्जापातळीतल्या जागांच्या तुलनेत इलेक्ट्रॉन किती) १ पासून जरा सरकलं की स्कर्मिऑनची चौरस जाळी बसते, आणि शेजाऱ्यांच्या आडव्या (थराच्या प्रतलातल्या) स्पिनची दिशा १८० अंशांनी उलटी असते. म्हणून एकक कोशात (जाळीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) दोन स्कर्मिऑन घ्या. एकच घेतलात तर सगळे एकाच दिशेला अडकतात, हार्ट्री-फॉक (प्रत्येक इलेक्ट्रॉनवर इतरांचा सरासरी परिणाम धरून ऊर्जा काढायची पद्धत) निमूट एका उत्तरावर स्थिरावतं आणि उत्तर चुकीचं येतं! त्रिकोणी जाळीत तीन शेजाऱ्यांना परस्परांविरुद्ध राहताच येत नाही, म्हणून ती मागे पडते. स्कर्मिऑन फार विरळ झाले की मात्र निव्वळ विद्युत प्रतिकर्षण उरतं आणि त्रिकोणीच जिंकते. दोन्ही जाळ्यांची ऊर्जा एकाच घनतेला, एकाच गुणोत्तराला तपासा.