राग नेमका कशाचा, ते आधी ठरव

प्रिय भावा,

तू व्हिडिओ गेमवर लिहून पाठवलेलं सगळं वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी नुसता आरडाओरडाच ऐकू आला. 'ॲसॅसिन्स क्रीड' ही गेमची मालिका संपली, 'रेसिडेंट ईव्हिल' मालिकेने चाहत्यांना विकलं, 'जीटीए'वाले (म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाले) आपल्याला येडं समजतात, सगळ्या कंपन्या लुटारू, आणि हे न मानणारा खरा गेमरच नव्हे. राग खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण तो नेमका कशाचा, हे मला शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही. तुलाही कळलेलं नाही असा माझा संशय आहे.

तुला मराठीतून गेमवर बोलायचंय, व्हिडिओ करायचेत, जमलं तर पुढे याच धंद्यात शिरायचंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेत चादरीच्या दुकानात जरा वेळ उभा राहा. एक वाक्य हमखास ऐकू येईल, "पूर्वीसारखी सोलापुरी चादर राहिली नाही." मुरलेला दुकानदार यावर वाद घालत नाही. तो विचारतो, वजनाला हलकी वाटली, रंग गेला, की डिझाइन पसंत नाही? वजनाची तक्रार असेल तर बऱ्याचदा ती चादर सोलापूरची नसतेच, नुसतं नाव सोलापुरी. रंग गेला असेल तर बदलून देणं त्याचं काम. आणि डिझाइन आवडलं नसेल, तर शेजारचं गिऱ्हाईक नेमकं तेच डिझाइन बांधून घेत असतं, त्याला तो काय करणार? तू हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलंयस आणि वरून गाठ मारलीयस 'फसवणूक' या शब्दाची.

आधी दिलेला शब्द मोडण्याचं बघू. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा तू शाळेत होतास. इंग्लंडमधल्या मूठभर माणसांच्या हॅलो गेम्सचा हा गेम. कंपनीचा प्रमुख शॉन मरे मुलाखती देत गेला आणि लोक मनात इमले बांधत गेले. या विश्वात दुसरा खेळाडू भेटू शकेल का, या प्रश्नाला त्याने होकार दिला होता. गेम आल्या आल्या दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. इथे आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. सांगितलेली गोष्ट डब्यात नव्हती, बस्स. मजा अशी की लोकांनी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी केल्या, आणि त्याने त्याच वर्षी निकाल दिला की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या जाहिरातीत दिशाभूल नाही. कागदोपत्री सुटका झाली, चाहत्यांचा राग तसाच राहिला. जुलै २०१८ मध्ये 'नेक्स्ट' नावाचं अपडेट आलं, खरोखरचा मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत एकत्र खेळणं, हातात पडला, तेव्हा कुठे लोक परत फिरले.

अशा गेमवर लिहायचं तर पुरावा लागतो. कोण बोललं, कधी, कुठल्या मुलाखतीत, आणि हातात काय आलं. 'त्यांनी आम्हाला स्वप्नं दाखवली' हा पुरावा झाला का बे? आपला देशी मोबाइल गेम 'फौ-जी' आठव. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, दोन दिवसांत 'फौ-जी'ची घोषणा झाली, आणि त्याने पबजीची जागा घ्यायची हे आख्ख्या देशाने ठरवून टाकलं. जाहिरातवाल्यांनीही ते आनंदाने ठरवू दिलं. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला तर त्यात गलवान खोऱ्याची गोष्ट, हातघाईची मारामारी, आणि पबजीसारख्या 'शेवटी उरेल तो जिंकला' लढाईचा, म्हणजे बॅटल रॉयलचा, पत्ता नाही. प्ले स्टोअरवरचे तारे धडाधड पडले. गेम सामान्यच होता, त्याची बाजू घ्यायची मला काही गरज नाही. पण त्या निराशेतला मोठा वाटा आपण घरूनच घेऊन गेलो होतो.

आता मोडक्या मालाचं. इथे मला राहवत नाही, कारण गेममधल्या चुका, म्हणजे बग, शोधणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला आणि १८ तारखेला सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. परत ठेवला तो थेट जून २०२१ मध्ये. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन फोर या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) गाड्या हवेत लटकायच्या, गेम मधेच बंद पडायचा. गेम बनवणाऱ्या कंपनीने माफी मागितली, आणि त्या माफीत कबूल केलं की जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आम्ही आधी दाखवायला हवं होतं. पुढे जानेवारीत त्यांच्या सहसंस्थापकाने व्हिडिओत सांगितलं की यातल्या बऱ्याच अडचणी चाचण्यांमध्ये दिसल्या नव्हत्या. ते ऐकून जगभरच्या टेस्टर लोकांनी कपाळाला हात लावला असणार.

कारण बग न सापडणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट नव्हे. बग सापडतो. त्याचा व्हिडिओ काढतो, कुठल्या पायऱ्यांनी तो पुन्हा घडवता येतो ते लिहितो, गंभीरतेचा दर्जा लावतो. मग तारीख जवळ येते आणि बैठकीत यादीची छाटणी सुरू होते. हा आत्ता, हा पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या डाउनलोडमध्ये), हा 'माहीत आहे' असा शेरा मारून सोडून द्या. डिस्कवर जाणारी प्रत विक्रीच्या बऱ्याच आधी पक्की करावी लागते, म्हणून तर पहिल्याच दिवशी तुला भलंमोठं डाउनलोड करावं लागतं. तुझ्या टीव्हीवर जो बग दिसतो तो कुणाच्या तरी यादीत बहुधा आधीच असतो. 'सायबरपंक'मध्ये मुख्य दुखणं होतं ते धावत्या गाडीपुढचं शहर जुन्या, संथ हार्ड डिस्कवरून वेळेत वाचून आणण्याचं. हे समजून लिहिलंस तर 'डेव्हलपर आळशी आहेत' हे वाक्य तुझं तुलाच खोडावंसं वाटेल. तारीख ठरवणारा वेगळा असतो, कोड लिहिणारा वेगळा आणि बग शोधणारा वेगळा. शिव्या मात्र सगळ्यांना समान मिळतात.

मग उरतं डिझाइन पसंत नसणं, आणि तुझी निम्मी पानं याच्यावर आहेत. 'रेसिडेंट ईव्हिल पूर्वीसारखी नाही' असं तू लिहितोस. कुठल्या पूर्वीसारखी? १९९६ च्या पहिल्या गेममध्ये कॅमेरा एका जागी खिळलेला असायचा, गोळ्या मोजून मिळायच्या, दार उघडायला भीती वाटायची. २००५ च्या चौथ्याने कॅमेरा खांद्यामागे आणला आणि मालिकेला नवं वळण दिलं. तेव्हाही लोक म्हणाले, ही ती मालिका नव्हे. आज तू त्याच चौथ्याची आरती ओवाळतोस! सहावा २०१२ मध्ये आला तो धुमधडाका, स्फोटांवर स्फोट, आणि चाहते खरोखर वैतागले. मालिका काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने ते ऐकलं. पण २०१७ च्या सातव्यात त्यांनी जुना कॅमेरा आणला नाही. थेट पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा गेम केला, म्हणजे दिसायला पहिल्यापासून सगळ्यात लांब, आणि तरी भीती परत आणली. मला हे फार हुशारीचं वाटतं. चाहते 'जुनं द्या' म्हणत होते. त्यातलं जुनं नेमकं काय हवंय, हे बनवणाऱ्यांनी शोधून काढलं. तू टीकाकार व्हायला निघालायस, तर ते शोधणं तुझंही काम आहे.

तुझ्या लाडक्या 'ॲसॅसिन्स क्रीड'चंही तेच. २०१४ चा 'युनिटी' मोडका आला. चेहरे गायब, नुसते डोळे आणि दात तरंगताहेत, ती चित्रं तू पाहिली असशीलच. मालिका काढणाऱ्या युबिसॉफ्टने माफी मागितली, 'डेड किंग्ज' हा जोडभाग फुकट दिला. २०१६ मध्ये मुख्य गेम काढलाच नाही, आणि २०१७ च्या 'ओरिजिन्स'ने मालिका बदलून टाकली. लपूनछपून एका वाराची हत्या मागे पडली. लेव्हल, लूट, मैलोन्‌मैल नकाशा पुढे आला. २०२० चा 'वल्हाला' तर सरता सरत नाही. ओरड झाली की हे फार पसरलंय, छोटं करा, जुन्या वळणावर या. म्हणून २०२३ मध्ये 'मिराज' आला. बगदाद शहर, छतांवरून पळापळ, आटोपशीर गोष्ट, किंमतही कमी. मुळात तो 'वल्हाला'चा जोडभाग म्हणून सुरू झाला होता. आणि तू त्यावर काय लिहिलंयस? 'एवढासाच?' बाबा रे, लांब केला तरी कंटाळा, आखूड केला तरी कुरकुर.

तक्रार करू नको असं मी म्हणत नाही. 'मिराज' मलाही फिकाच वाटला. पण तो आखूड आहे म्हणून नव्हे. त्याची हत्येची मोहीम मोकळी ठेवलेली आहे, आपण वाट शोधायची, ते छान. मात्र गोष्टीतल्या माणसांबद्दल मला काहीच वाटलं नाही. असं नेमकं बोललं की समोरचा उत्तर देऊ शकतो, वाद पुढे सरकतो. 'आत्मा हरवला' असं म्हटलंस की त्याला एकतर मान डोलवावी लागते नाहीतर भांडावं लागतं.

'युनिटी'ची पुढची गोष्टही ठाऊक असू दे. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. त्या गेममध्ये ते चर्च फार मेहनतीने उभं केलेलं आहे, म्हणून युबिसॉफ्टने पीसीवर आठवडाभर गेम फुकट वाटला. आणि स्टीमवर त्याच 'युनिटी'खाली कौतुकाचा पूर आला. दरम्यान बरेच पॅच आले होते, कॉम्प्युटर तगडे झाले होते, हे खरं. तरी माणसांचा मूड बदलला की गेमही बदलतो. तुझ्या लहानपणच्या गेमवर लिहिण्याआधी तो परत लाव आणि दोन तास खेळ. आमच्या वेळी पार्क चौकाकडच्या सायबर कॅफेत 'जीटीए'चा 'व्हाइस सिटी' चालायचा. मुलगी खुर्चीवर बसली की मागे पोरं उभी राहून सल्ले द्यायची. आज तो गेम लावला तर गोळीबार करताना नेम धरणं इतकं बेकार वाटतं की त्या काळी मी काय खेळत होते असं होतं. त्यातल्या गाड्यांमधला रेडिओ मात्र अजून तसाच झकास.

पैशाचं थोडक्यात. 'जीटीए सिक्स'चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६ झालं, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारीख पुढे गेली म्हणून तू चार परिच्छेद शिव्या दिल्यास, आणि त्याच्याच वर 'सायबरपंक' घाईने काढला म्हणूनही शिव्या आहेत. दोन्ही एकदम कसं चालेल? डिजिटल गेमचा साठा संपत नसतो, तेव्हा आगाऊ बुकिंग करून तुला रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास जातो. तुझ्या बाबांचा टॉवेलच्या कारखान्यातला पगार मला माहीत आहे. स्टीमवर घेतलास तर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. प्लेस्टेशनच्या दुकानात नियम कडक आहे, एकदा डाउनलोड सुरू केलं की गेम सदोष असल्याशिवाय पैसे परत मागता येत नाहीत. 'नंतर पॅचने सुधारेल' म्हणणाऱ्यांना सांग, मग नंतरच घेऊ. तोवर स्वस्तही होतो.

आणि ते शेवटचं पान काढून टाक, जिथे तू लेखिकेला आणि नटीला नावं ठेवलीयस. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मधल्या ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, एका काल्पनिक पात्राने केलेल्या कृत्यासाठी. त्या गर्दीत तुझं नाव मला दिसता कामा नये. यावर चर्चा नाही.

तर आता असं कर. सगळ्या मालिका सोड, फक्त 'मिराज' घे. पहिली हत्या होईपर्यंत परत खेळ आणि शेजारी वही ठेव: कुठे हात आखडला, कुठे जांभई आली, कुठे मजा आली. मजा आली तेही लिही, नाहीतर तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? दोन पानांत बसव. 'पूर्वीसारखं' लिहिलंस तर लगेच पुढे कुठल्या वर्षाचा कुठला गेम ते लिही. पुस्तकी भाषा नको, चौकात बोलतोस तसंच बोल.

झालं की पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. फक्त आमच्याकडे पाणी येण्याच्या दिवशी सकाळी फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझी,
ताई