ऑफिसचं वातावरण सुधारणं एचआरच्या हातात असतं का?

प्रश्न : मी पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्पेशलायझेशन एचआर. उन्हाळ्यात एका कंपनीत इंटर्नशिप केली. शुक्रवारी आम्ही अंताक्षरी, वाढदिवस वगैरे घ्यायचो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये एक विभागप्रमुख सगळ्यांसमोर लोकांचा पाणउतारा करायचे. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ‘त्यांचं टार्गेट पूर्ण होतं, म्हणून वरून कोणी बोलत नाही.’ मला कंपनीतलं वातावरणच बदलायचं होतं. क्षेत्र चुकलं का?

उत्तर : क्षेत्र चुकलेलं नाही. मॅडमनी दुखणं नेमकं सांगितलंय : वरून कोणी बोलत नाही. बढती कोणाला मिळते आणि कोणाचं काय खपवून घेतलं जातं, हे पाहून माणसं आपलं वागणं ठरवतात. ते बदलण्याचा अधिकार कंपनीच्या प्रमुखाकडे असतो. त्याने तो वापरायचा नाही आणि एचआरने शुक्रवारी केक कापायचा, हा तुमच्यावर अन्याय आहे.

अमेरिकेतल्या अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीत १९८७ साली पॉल ओ’नील प्रमुख झाले. त्यांनी नफ्याआधी कामगारांची सुरक्षितता ठेवली. कुठेही कामगार जखमी झाला, तर त्या विभागाच्या प्रमुखाने चोवीस तासांत स्वतः ओ’नील यांना कळवायचं आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून काय करणार, तेही सांगायचं. ही मुदत पाळायची तर फोरमनने मॅनेजरला आणि मॅनेजरने वरिष्ठांना लगेच सांगणं भाग होतं. पुढे मेक्सिकोतल्या कारखान्यात विषारी वायूमुळे काही कामगारांना त्रास झाला. ते बरे झाले, पण ही गोष्ट वर कळवली गेली नव्हती. तेव्हा धंदा उत्तम सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही ओ’नील यांनी घरी पाठवलं. तुझ्या कंपनीतल्या टार्गेटवाल्या साहेबांना असं कोणी विचारणारं नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेही दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. एचआर त्याला मदत करतं.

म्हणून प्लेसमेंटच्या वेळी पॅकेजइतकंच प्रमुखाकडे बघ. एचआर हेड थेट त्याला रिपोर्ट करतात की फायनान्सवाल्यांना, हे विचार. नोकरी सोडलेल्या दोघा-तिघांशी बोल. आत असलेले मोकळेपणाने बोलत नाहीत.

सुरुवातीची वर्षं शक्यतो चाकण-रांजणगावच्या एखाद्या प्लांटमध्ये काढ. हजेरी, पगार, कंत्राटी कामगार, युनियनशी बोलणी हे सगळं हाताखालून गेलं की तुझ्या शब्दाला वजन येईल. आणि आकडे मांडायला शीक. ‘साहेब ओरडतात’ ही तक्रार झाली. त्याऐवजी त्या विभागातून वर्षभरात किती जण गेले, एकेक जागा भरायला किती दिवस आणि किती पैसे लागले, याचा एक पानी तक्ता प्रमुखापुढे ठेव. अनेक प्रमुखांना हा हिशेब कोणी दाखवलेलाच नसतो. तो बघून ते हलतात का, हे पाहा. वर्षभर असे कागद देऊनही काहीच हललं नाही, तर बिनदिक्कत दुसरीकडे अर्ज कर.