दुसऱ्या खेपेला लवकर निघा

भाऊ, दुसऱ्या बाळंतपणात कळा पहिल्यापेक्षा भरभर वाढतात. चोपडा-यावलहून जळगाव गाठायचं असेल, तर कळा दहा मिनिटांवर आल्या की निघा; पाचाची वाट पाहाल तर बाळ रस्त्यातच व्हायचं. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी निघायचं. गाडी नसेल तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पहिलं सिझर असेल तर जुन्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून घरी थांबूच नका. त्या सिझरची फाइल आधी पिशवीत टाका.

वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर 72 तासांत वहिनींना अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते). सुट्टी मिळायच्या गडबडीत हेच राहून जातं! दूध पाजताना यावेळी पोटात जास्त कळ येईल, ती गर्भाशय आकसण्याची. थोरल्याला मात्र आतापासूनच आजीजवळ झोपवा.