पांढरा रंग कशाशीही जुळतो, हे मला मान्य नाही

आपण विचारले आहे की, स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात भिंतींना बदामी रंग दिला आहे, ओट्यामागे विटकरी टाइल बसवल्या आहेत आणि कपाटांचे पल्ले सागवानी आहेत. तर अशा खोलीत फ्रिज, चिमणी, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर कोणत्या रंगाचे घ्यावेत, आणि ‘पांढरे घ्या, पांढरा कशाशीही जुळतो’ हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला मानावा की नाही. तो सल्ला मानू नये. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे, आणि त्यावरून 2016 सालापासून आमच्याकडे एक वाद चालू आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात शेड जुळवणीच्या विभागात 27 वर्षे नोकरी केली. प्लास्टिकवाल्यांकडून आणि पावडर कोटिंगवाल्यांकडून नमुना येई, त्याच्या शेजारी आम्ही आमचा नमुना ठेवत असू आणि दोन्ही लाइट बॉक्समध्ये वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहत असू: दिवसाच्या उजेडासारखा 6500 केल्विनचा दिवा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर), दुकानांत असतो तसा 4000 केल्विनचा, आणि जुन्या पिवळ्या बल्बसारखा 2856 केल्विनचा. पहिल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेले दोन तुकडे तिसऱ्या दिव्याखाली एकमेकांना ओळख दाखवत नसत. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात, आणि गिऱ्हाइकांशी होणारी आमची निम्मी भांडणे त्यावरूनच होत.

त्या 27 वर्षांत ‘पांढरा’ नावाचा एकच एक रंग मला कधी भेटला नाही. बहुतेक पांढरे रंग टायटॅनियम डायऑक्साइडपासून बनतात आणि ते द्रव्य मुळात किंचित पिवळट असते. तो पिवळटपणा झाकण्यासाठी त्यात अल्ट्रामरिन निळ्याचा किंवा जांभळ्याचा अगदी सूक्ष्म अंश घालतात. आपल्या आज्या धोतरांना नीळ देत, ती याच कारणासाठी. घरगुती यंत्रांच्या पांढऱ्या रंगाचे जे नमुने आमच्याकडे येत, त्यांचा b, म्हणजे पिवळेपणा आणि निळेपणा मोजणारा आकडा, जवळजवळ नेहमी शून्याच्या खाली, निळ्या बाजूला असे. दुकानात रांगेने सगळे पांढरे उभे असतात तेव्हा हा निळेपणा दिसत नाही. तो दिसतो घरी, उबदार रंगाच्या भिंतीशेजारी.

आमचे घर दांडिया बाजारात आहे. खाली मोठे दीर आणि जाऊबाई राहतात, वर आम्ही. 2016 साली आम्ही वरचे स्वयंपाकघर नव्याने केले. मागच्या खोल्या पाडल्या तेव्हा निघालेले जुने सागवानी दरवाजे सुताराकडून रंधून घेऊन त्यांचे कपाटांसाठी पल्ले केले, ओट्यामागे भाजक्या मातीच्या रंगाच्या टाइल लावल्या, आणि भिंतीचा रंग ठरवायला मी तीन आठवडे घेतले. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर माझा विश्वास नाही, म्हणून भिंतीवरच दोन-दोन फुटांचे पाच पट्टे मारून घेतले आणि सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर ते पाहत राहिले. शेवटी जो निवडला तो लोणकढ्या तुपाचा रंग होता: तूप गार होऊन नुकते रवाळ होऊ लागते, त्या वेळचा. तो पट्टा सागाशेजारी इतका शांत दिसत होता की आमच्या पेंटरनेही उरलेले चार मला न विचारता खरवडायला घेतले.

फ्रिज मी दिवाळीत, स्वतः पाहून घेणार होते. परंतु दसऱ्याच्या सवलतीत भावजी मुलाला घेऊन दुकानात गेले आणि मी कामावर असताना पांढरा फ्रिज घेऊन आले. त्यांचा हेतू चांगला होता, पैसेही त्यांनीच भरले होते, आणि हे मी तेव्हाही मान्य केले होते. दुकानातला मुलगा त्यांना म्हणाला होता, “काका, व्हाइट तो बधा साथे चाले.” म्हणजे, पांढरा तर सगळ्यांबरोबर चालतो. संध्याकाळी घरी आल्यावर भावजींनी मला हे वाक्य जसेच्या तसे ऐकवले. मी काही बोलले नाही, कारण फ्रिज जागेवर लागलेला होता आणि त्यावर कुंकवाचे स्वस्तिकही काढून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड आला. आमची खिडकी उत्तरेची आहे. उत्तरेचा उजेड आकाशाचा असतो, उन्हाचा नसतो, म्हणून तो मुळातच निळसर असतो. त्या उजेडात फ्रिज पांढराशुभ्र दिसत होता आणि त्याच्या शेजारची माझी भिंत मळकी दिसत होती, फोडणीच्या धुराने वर्षानुवर्षे पिवळी पडलेली भिंत दिसते तशी. कोजागरीला घरी पंधरा-वीस माणसे आली. दूध आटवताना मामेसासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून पाहिले आणि विचारले, “रंग आत्ताच दिलात ना गं? मग ही अशी धुरकटलेली का?” बोटाला काहीही लागले नव्हते. भावजींनी ते ऐकले आणि तिथेच निकाल दिला की भिंतीचा रंगच चुकला आहे, हा असला तेलकट रंग घेऊ नका असे ते पहिल्यापासून सांगत होते, आता पेंटरला बोलावून सगळे पांढरे करून टाकावे.

या ठिकाणी दोनशे वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगणे भाग आहे, कारण आमच्या घरात जे घडले ते तिथे आधीच घडून गेले होते. पॅरिसच्या गोब्लाँ विणशाळेत 1824 साली मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख झाले. विणकरांची तक्रार होती की चित्रे विणलेल्या गालिच्यांत निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेले काळे सूत फिके पडते. शेव्रल यांनी ते सूत इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या सुतांशी ताडून पाहिले, तर त्यात काहीही उणे नव्हते. दोष शेजारच्या रंगांचा होता. शेजारी ठेवलेला रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा दुसऱ्यावर टाकतो, असे नियम त्यांनी त्यातून शोधले आणि 1839 मध्ये ते प्रसिद्ध केले. निळसर पांढऱ्याशेजारी तुपाचा रंग अधिक पिवळा, म्हणून अधिक मळका दिसणारच. आणि पाहणारा माणूस नेहमी मळका दिसतो त्यालाच दोष देतो, ज्याने त्याला मळका दाखवले त्याला देत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी मांजरपाटाची एक कोरी चादर काढली आणि फ्रिजवर वरपासून खालपर्यंत घातली. मांजरपाट धुवट नसतो, त्याचा रंग कच्च्या कापसाचा, किंचित पिवळसर असतो. जाऊबाई कोथिंबीर निवडायला म्हणून वर आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, “भिंत पुसलीस वाटतं?” मी चादर काढली, भिंत पुन्हा मळली. चादर घातली, ती पुन्हा स्वच्छ झाली. हे, पुतण्या आणि जाऊबाई अशा तिघांसमोर मी तीन वेळा असे करून दाखवले, आणि चौथ्या वेळी भावजींना वर बोलावून दाखवले. त्यांनी पाहिले, नीट पाहिले, आणि “आता चादर घालून फ्रिज वापरायचा का?” असे विचारून ते खाली निघून गेले.

भिंतीला मी हात लावू दिला नाही. महिन्याभरात खालचा जुना फ्रिज बंद पडला, तेव्हा तो पांढरा फ्रिज खाली गेला. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल आणि फिकट राखाडी ओटा आहे; तिथे तो उत्तम शोभतो आणि आजही चालतो आहे. मी माझ्या पैशांनी घासलेल्या स्टीलचा फ्रिज घेतला. तरीही प्रत्येक लग्नकार्यात भावजी सांगतात की हिने चांगला चालता फ्रिज नुसत्या रंगापायी नाकारला. मी तो रंगाच्या हौसेपायी नाकारला नव्हता. एका चुकीच्या पांढऱ्यापायी एक बरोबर असलेली भिंत पुसली जाणार होती, ती मी वाचवली, आणि चार माणसांसमोर सिद्ध करून वाचवली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. दोन दारांचा मध्यम आकाराचा फ्रिज घेतला तर त्याची दर्शनी बाजूच चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे तो खोलीतला एक रंगीत पट्टाच असतो, आणि भिंतीचा रंग पाच-सहा वर्षांनी बदलता येतो तसा तो बदलता येत नाही. म्हणून आधी फ्रिज ठरवावा आणि बाकीची यंत्रे त्याच्या मागून ठरवावीत. बदामी भिंत, विटकरी टाइल आणि साग यांच्याशेजारी माझी पहिली पसंती खऱ्या घासलेल्या स्टीलला आहे, कारण त्याला स्वतःचा रंग फार थोडा असतो. ते समोरच्या सागाचा आणि भिंतीचा रंग अंगावर घेते आणि संध्याकाळी चक्क मधासारखे दिसते. मात्र दुकानात ‘सिल्व्हर’ किंवा ‘स्टील फिनिश’ म्हणून जे दाखवतात, ते पुष्कळदा राखाडी रंगाचा किंवा रेघा छापलेल्या पातळ थराचा साधा पत्रा असतो. तो राखाडी बहुधा निळ्या बाजूचा असतो आणि तो पांढऱ्याइतकाच त्रास देतो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दारांना वापरतात ते 430 प्रतीचे स्टील चुंबकाला चिकटते आणि साधा पत्राही चिकटतो. मोबाइलचा टॉर्च धरावा: खऱ्या घासलेल्या स्टीलवर उजेडाचा ठिपका घासणीच्या रेघांना आडवा, लांब पट्ट्यासारखा पसरतो, आणि छापील रेघांवर बहुतेक वेळा तो ठिपकाच राहतो.

काळ्या काचेची शेगडी आणि काळा मायक्रोवेव्ह खुशाल घ्यावा, लहान आकारात काळा रंग सागाला उठाव देतो. पण पुरुषभर उंचीचा काळा फ्रिज उजेड कमी असलेल्या खोलीत भिंतीला भगदाड पडल्यासारखा दिसतो, आणि काळ्या काचेवर कणकेचा प्रत्येक कण नि तेलाचे प्रत्येक बोट दिसते. मोतिया किंवा क्रीम रंगाचा फ्रिज मिळाला तर स्टीलच्या ऐवजी अवश्य घ्यावा, मात्र भिंतीच्या रंगाचा तुकडा शेजारी धरल्याशिवाय घेऊ नये. लाल, विशेषतः वाइन रंग, घेऊच नये. दुकानदार सांगतील की विटकरीशी लाल जुळतो, पण विटकरी हा पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे आणि वाइन हा निळ्याकडे झुकलेला. दोघे एका खोलीत भांडतात. शिवाय दोन कंपन्यांचे लाल कधीही जुळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

चिमणी स्टीलची घ्यावी, तिच्या रंगापेक्षा ती पुसायला सोपी असणे अधिक महत्त्वाचे आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. छतावर 6500 केल्विनची पांढरी ट्यूब ठेवणार असाल तर वरचे बरेचसे वाया जाईल, कारण त्या उजेडात सागही राखाडी पडतो आणि स्टीलही निळे दिसते. आमच्याकडेही कोजागरीच्या रात्री तीच ट्यूब होती, आणि भिंत मळकी दिसण्यात तिचाही वाटा होता, हे मी भावजींसमोर कबूल केले आहे. नंतर आम्ही 3000 केल्विनचे दिवे लावले. आपली खिडकी पश्चिमेची असेल आणि दुपारनंतर भरपूर ऊन येत असेल, तर पांढराही थोडाफार निभावून जाईल. घर भाड्याचे असेल तर रंगाचा इतका विचार करू नये, कारण पुढच्या घराची भिंत कोणती असेल हे आपल्या हातात नाही. आणि फ्रिज चोवीस तास चालतो, तेव्हा दोन रंगांत निवड करताना एकाला ऊर्जेचे तारे अधिक असतील तर ते जरूर पाहावेत. भावजीही वादात हेच म्हणत, आणि त्यांचे ते म्हणणे बरोबरच होते, फक्त त्यावरून रंग पाहू नये असे सिद्ध होत नाही.

तेव्हा आधी दिवे लावून घ्यावेत आणि फ्रिज त्यानंतरच आणावा. दुकानात जाताना उरलेली एक टाइल, सुताराकडचा सागाचा एक तुकडा आणि भिंतीचा रंग दोन हात मारलेला वीतभर पुठ्ठा बरोबर न्यावा. दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नये. शटरजवळ, बाहेरच्या उजेडात यंत्र किंवा निदान त्याचे दार आणून दाखवायला सांगावे, आणि पुठ्ठा दाराला अगदी चिकटवून धरून पाहताना फ्रिजकडे न पाहता पुठ्ठ्याकडे पाहावे. पुठ्ठा मळका दिसला तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी तिथेच सोडावे. घरातल्या मोठ्यांनी पांढरा आधीच आणून ठेवला असेल, तर पेंटरला बोलावण्यापूर्वी मांजरपाटाची एक कोरी चादर त्यावर घालून त्यांना सकाळच्या उजेडात दाखवावी.