चौदा गुण म्हणजे सत्तर टक्के नव्हेत

प्रश्न : माझा भाचा फ्रान्समध्ये बाकालोरेआ झाला, २० पैकी १४. नणंदेच्या मुलीला इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला ए, ए, बी. पुतण्या जर्मनीत आबिटूर १.८ नं पास. तिन्ही तिथल्या बारावीसारख्या, शाळेच्या शेवटच्या परीक्षा. घरात सगळे टक्के विचारतात. टक्के काढायचे कसे आणि तिघांत पुढे कोण?

उत्तर : टक्के काढूच नका, ताई. परदेशी गुणपत्रिकांची समकक्षता ठरवण्यातच माझी सगळी नोकरी झाली. आलेला प्रत्येक पालक कॅल्क्युलेटर काढूनच बसायचा.

भाच्याचंच बघा. फ्रान्समध्ये १० ला पास, १२ ला पहिला शेरा, १४ ला ‘ब्यँ’, म्हणजे चांगला, आणि १६ ला ‘त्रे ब्यँ’. तुमच्या ‘सत्तर टक्क्यां’वर तिथे चांगला शेरा आहे! त्यात प्रत्येक विषयाचं वजन वेगळं : दोन खास विषयांना १६-१६, तत्त्वज्ञानाला ८. विज्ञानाच्या मुलालाही तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर चुकत नाही.

जर्मनीत आकडे उलटे चालतात. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. एकूण ९०० पैकी ६०० गुण शेवटच्या दोन वर्षांच्या कामाचे, परीक्षेचे फक्त ३००. परदेशी गुण जर्मन श्रेणीत आणायला तिथे एक सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, कमाल व किमान पास गुणांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. भाच्याचे १४ त्यात घातले तर येतात २.८. फ्रान्समध्ये ‘चांगला’ ठरलेला मुलगा सूत्रात मधल्या रांगेत! सूत्राला काय ठाऊक, फ्रेंच मास्तर वीस गुण किती हात आखडून देतात ते.

भाचीनं बहुधा तीनच विषय घेतले असतील, पण खोलवर. तिकडच्या प्रवेश-गुणांत ए म्हणजे ४८, बी म्हणजे ४०; तिचे १३६ झाले. मात्र सोळाव्या वर्षी गणित सोडलं असेल, तर इंजिनिअरिंगचं दार तिला बहुतेक ठिकाणी बंद.

समकक्षतेत हेच बघतात : शाळेची वर्षं किती, विषय कोणते, आणि त्या देशात या प्रमाणपत्रावर विद्यापीठात प्रवेश मिळतो का. परदेशी प्रमाणपत्रांच्या मान्यतेसाठी झालेल्या १९९७ च्या लिस्बन कराराचं तत्त्वही तेच : ठळक फरक दाखवता येत नसेल, तर मान्यता द्या.

पुढे कोण, ते मी सांगणार नाही. तिघांना कुठल्या देशात काय शिकायचंय ते कळवा. आणि अर्ज करताना मूळ गुणपत्रिकेसोबत त्या देशाचा श्रेणी-तक्ता जोडायला सांगा. टक्क्यांचा रकाना सक्तीचा नसेल, तर रिकामा सोडा.